सिंहगड–खडकवासला परिसर : हिवाळ्यातील भ्रमंती

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवरील खडकवासला जलाशय आणि त्याच्या दक्षिणेस भुलेश्वर डोंगररांगेवर वसलेला सिंहगड किल्ला मिळून हा परिसर बनतो. पुणेकर तो पावसाळी सहलीचे ठिकाण म्हणून ओळखतात, पण गड नीट पाहायचा, आजूबाजूचा मुलूख समजून घ्यायचा आणि पक्षी न्याहाळायचे तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळच खरा उपयोगाचा. या दिवसांत वाटा कोरड्या असतात, धरण बऱ्यापैकी भरलेले असते आणि रानातले गवत वाळल्याने तटबंदी, टाकी व चौथरे उघडे पडतात.

भूगोल : खडकवासला जलाशयाची पाणपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मी. उंचीवर, तर सिंहगडाचा माथा सुमारे १,३०० मी. उंचीवर आहे. दोहोंत सातशे मीटरांहून अधिक फरक आहे, पण सरळ रेषेत अंतर दहा कि.मी.पेक्षाही कमी. हा सारा डोंगर दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्यांतील कठीण थरांचे ताशीव कडे आणि मऊ थरांचे उतार झाले. गडाला नैसर्गिक संरक्षण मिळाले ते याच रचनेमुळे.

उंचीने सिंहगड स्पेनमधील आविला या तटबंदीच्या गावापेक्षाही वरचढ आहे. आविला सुमारे १,१३० मी. उंचीवर असून हिवाळ्यात तिथल्या मध्ययुगीन तटांवर बर्फ पडते. ते ४० अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे आणि सिंहगड १८ अंशांवर, म्हणून सिंहगडावर बर्फ पडत नाही. इथला हिवाळा कोरडा आणि उन्हाचा असतो, आणि त्याचा कडाका पहाटेपुरता राहतो.

हवामान : पावसाळा सरला की आकाश निरभ्र होते, हवेतली आर्द्रता घटते आणि ईशान्येकडून कोरडे वारे वाहू लागतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सरासरीने ११–१२ अंश से.च्या आसपास असते. उत्तर भारतातून थंडीची लाट उतरली की ते ८ अंशांच्याही खाली जाते. पुण्यातील नीचांकी तापमानाची नोंद १७ जानेवारी १९३५ रोजीची असून ती १.७ अंश से. आहे. याउलट बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठून इकडे ढग आले, की दोन-तीन दिवस थंडी पार गायब होते.

उंचावर गारवा अधिक असतो, हा सर्वसाधारण नियम. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. दुपारी सिंहगडावर हा नियम लागू पडतो, मात्र हिवाळी पहाटे तो उलटतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडते. तिला लागून असलेली हवा गार व जड होते आणि उतारांवरून घरंगळत खोऱ्यात साचते. वरची हवा तुलनेने उबदार राहते. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. त्यामुळे पहाटे गडाच्या पायथ्याच्या डोणजे-आतकरवाडीत हुडहुडी भरते, आणि सव्वा-दीड तासाच्या चढणीनंतर माथ्यावर मात्र हवा सौम्य लागते. पाषाण आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा भाग या सखल पट्ट्यांचे किमान तापमान पुण्यातीलच लोहगावपेक्षा अनेकदा कमी नोंदले जाते, त्यामागेही हेच कारण आहे.

जलाशयावरचे धुके याच खेळाचा भाग. दिवसभर उन्हात तापलेले पाणी रात्री जमिनीइतक्या लवकर थंड होत नाही. त्यावर डोंगरावरून उतरलेली गार हवा आली की पाण्याच्या वाफेचे लगेच संघनन होऊन बारीक थेंब होतात आणि पृष्ठभागावरून धुक्याच्या लहान लहान लडी उठू लागतात. सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्यानंतर तास-दीड तासात या लडी विरून जातात. शहरावरचा धुरकट थर विरायला मात्र दहा-अकरा वाजतात. त्यामुळे सकाळी गडावरून ईशान्येकडे पुणे शहर धुरकट दिसते आणि त्याच वेळी राजगड व तोरणा रेखीव दिसतात.

खडकवासला जलाशय : मुठेवरील हे दगडी धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले. काम १८६९ मध्ये सुरू झाले. बांधकामाशी निगडित अभियंता फाइफ यांच्यावरून इंग्रजी अमदानीत या तळ्याला ‘लेक फाइफ’ म्हणत. पुढे भारतरत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये याच धरणावर प्रथम बसवण्यात आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यात महापूर आला. नंतर धरण पुन्हा उभारण्यात आले. त्याची उपयुक्त साठवण क्षमता जेमतेम दोन अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. मात्र वरच्या अंगाच्या पानशेत, वरसगाव व टेमघर धरणांचे पाणी इथेच येऊन पुढे वळते, म्हणून सारी साखळी ‘खडकवासला प्रकल्प’ या नावाने ओळखली जाते. पुण्याचे बहुतांश पिण्याचे पाणी इथूनच जाते. हिवाळ्यात उजव्या कालव्यातून हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील गहू, हरभरा, ज्वारी यांच्यासाठी रब्बीची आवर्तने सोडली जातात. जलाशयाकाठच्या चौपाटीवर भाजलेले कणीस खाणाऱ्याच्या समोर असलेले पाणी चार दिवसांनी एखाद्या शेताच्या वाफ्यात असते.

जलाशयाच्या उत्तर काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा विस्तीर्ण परिसर आहे. तिची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसवली गेली आणि उद्घाटन १६ जानेवारी १९५५ रोजी झाले. दीक्षान्त संचलनांपैकी एक नोव्हेंबरअखेरीस होते. धरणाच्या खालच्या अंगास केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली स्थापन झालेली ही संस्था धरणे व बंदरे यांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करते.

सिंहगड : जुने नाव कोंढाणा. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने नाग नाईक या कोळी सरदाराकडून तो घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मुघलांकडे गेला आणि ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी तो परत मिळवताना वीरमरण पत्करले. ही तिथी माघ वद्य नवमी, म्हणजे हिवाळ्याचा उत्तरार्ध. रात्री लांब, कडे कोरडे आणि चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा. डोणागिरीचा कडा चढून जाणाऱ्या मावळ्यांना अंधार आणि कोरडा खडक या दोन्हींची गरज होती. फत्तेची खूण राजगडाला कळावी म्हणून गडावर आग पेटवल्याचे परंपरा सांगते. माघात वाळलेल्या गवताची तिथे वाण नव्हती. या घटनेकडे ऋतूच्या अंगाने पाहायचे तर माघातील अंधाऱ्या रात्रीची कल्पना करूनच कड्यावर उभे राहावे. आजही या तिथीला तानाजींच्या समाधीपाशी पुण्यतिथीचा कार्यक्रम होतो. छत्रपती राजाराम महाराजांचे निधन मार्च १७०० मध्ये याच गडावर झाले. त्यांची समाधी इथे आहे. २ मार्च १८१८ रोजी इंग्रजांनी गड घेतला.

इंग्रजी काळात गडाचा वापर उन्हाळी विश्रांतीसाठी होई. पुण्यातील गोरे अधिकारी एप्रिल-मेमध्ये गडावरील बंगल्यांत येऊन राहत. लोकमान्य टिळकांचाही इथे बंगला होता व तो अद्याप आहे. १९२० मध्ये महात्मा गांधी विश्रांतीसाठी गडावर येऊन राहिले होते. गडावर भल्या सकाळी फिरायला येणे आणि शनिवार-रविवारी हिवाळी चढाई करणे ही मात्र त्यानंतरच्या काळातली सवय आहे.

हिवाळ्यात पाहण्याजोगे : एकापाठोपाठ उभे असलेले पुणे दरवाजाचे तीन दरवाजे, कल्याण दरवाजाची जोडी, दारूकोठार, घोड्यांची पागा, देवटाके, अमृतेश्वर व कोंढाणेश्वर यांची मंदिरे, तानाजींची समाधी व तानाजी कडा ही मुख्य स्थळे. पावसाळ्यात शेवाळाने बुळबुळीत होणाऱ्या कातळपायऱ्या या दिवसांत कोरड्या असतात. गवताखाली दडलेले चौथरे आणि पाण्याचे पाट दिसू लागतात. टाक्यांतील पाणीही निवळलेले असते.

निसर्ग : थंडीत स्थलांतरित पक्षी येतात. जलाशयाच्या कडेला धोबी, तुतारी आणि कधी चक्रवाक दिसतात. पाणकावळे व बगळे बारमाही आहेत. गडाच्या आतकरवाडीकडील दरीत स्वर्गीय नर्तक आणि हिमालयातून दक्षिणेकडे येणारा निळ्या डोक्याचा कस्तुर दिसतात. सकाळी लवकर आणि शांत राहिले तरच ते भेटतात. फेब्रुवारीत काटेसावर, पांगारा व पळस फुलू लागतात. वाळलेले गवत पेटून वणवा लागण्याचा धोका या काळात मोठा असतो. एक जळती विडी शेकडो झाडांचा आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा घात करते.

वाटा व प्रवास : स्वारगेट भागातून वडगाव, धायरी फाटा, किरकटवाडीमार्गे खडकवासला आणि पुढे डोणज्यापर्यंत सिंहगड रस्ता जातो. पीएमपीएमएलच्या बसगाड्या पायथ्यापर्यंत येतात. वाहनाने घाटरस्ता चढता येतो. वन विभागाच्या नाक्यावर शुल्क घेतले जाते. आतकरवाडीतून पायवाटेने माथा गाठण्यास सरासरी चालणाऱ्याला सव्वा ते दीड तास लागतो, चढ सुमारे सहाशे मीटरचा आहे. रविवारी पहाटे या वाटेवर नेमाने चढणारे शेकडो लोक असतात. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून डोंगरधारेने सिंहगडापर्यंतची पंधरा-सोळा कि.मी.ची पदयात्राही हिवाळ्यातलीच. लहानमोठ्या टेकड्या चढत-उतरत पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री ती करतात. अनोळखी व्यक्तीने माहीतगार सोबत घेतल्याखेरीज या वाटेवर जाऊ नये.

खाद्यजीवन : गडावरचे पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही प्रसिद्ध आहे. थंडीत ज्वारीऐवजी बाजरीची भाकरी अधिक मागितली जाते. बाजरी उष्ण समजली जाते. तव्यावरून काढलेली भाकरी पुन्हा निखाऱ्यावर उलटी धरून फुगवतात, वर पांढरे लोणी, बाजूला ठेचा, वांग्याचे भरीत आणि फोडलेला कांदा. दही लहान मडक्यांत रात्रभर विरजण्यास ठेवतात. मातीचे भांडे दह्यातले पाणी शोषून घेते, म्हणून दही घट्ट लागते. कडाक्याच्या थंडीत विरजण मंदावते, त्यामुळे अशा दिवसांत मडकी चुलीच्या उबेला ठेवावी लागतात. दूध, लाकूडफाटा आणि पीठ वर नेण्याचे कष्ट पायथ्याच्या वाड्यांमधली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. इथले खाणे विकत घेताना घासाघीस करणे शोभत नाही.

दक्षता : पहाटेच्या थंडीसाठी अंगावर दोन थर असावेत, पण चढताना एक काढून ठेवावा, नाहीतर घामाने ओले झालेले कपडे माथ्यावरच्या वाऱ्यात अंग गार करतात. दुपारी ऊन कडक असल्याने टोपी व पाणी जवळ ठेवावे. तानाजी कडा आणि कल्याण दरवाजाच्या बाजूस कड्याच्या टोकाला जाऊ नये, कारण कोरडा दगडही सुटू शकतो. जलाशयाचा तळ खडकाळ व उतार खोल आहे. तिथे पोहण्यास मनाई असून बुडण्याचे प्रकार वरचेवर घडतात. प्लास्टिकच्या बाटल्या आणि द्रोण सोबतच परत आणावेत. इथे टाकलेला प्रत्येक कचरा शेवटी लाखो पुणेकरांच्या पिण्याच्या पाण्याच्या काठावर जाऊन पडतो, म्हणून हा परिसर स्वच्छ ठेवणे हे इथे येणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.