मॉरिशस : करारावर वसलेले बेट



माणसे कोठे वसतात? जेथे पाणी आहे, माती कसदार आहे, तेथे. असे आपण शाळेत घोकलेले असते. ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु गेल्या दोनशे वर्षांत जगाचे असे कितीतरी भाग वसले की जेथे माणूस पाण्यामागे किंवा मातीमागे गेला नाही. कागदावर अंगठा उठवून त्याला नेण्यात आले. नाताळ, फिजी, त्रिनिदाद, गियाना ही त्यांपैकी काही नावे. आज मी मॉरिशस या एकाच बेटाविषयी बोलणार आहे. एक तर तेथे आपली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. आणि दुसरे म्हणजे, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात आजही हजारो माणसे करारावरच येतात.

मॉरिशसला मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच लोक १५९८ मध्ये तेथे उतरले आणि १७१० मध्ये निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले व आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून मळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. पण फ्रेंच मळेवाल्यांची जमीन, भाषा व कायदे तसेच राहू दिले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यात आली. झाले! जिकडे तिकडे ऊस लागला.

दहा वर्षांत, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, तेथे गुलामगिरी रद्द झाली. नुकसानभरपाई मिळाली, सुमारे वीस लाख पौंड; पण ती गुलामांना नव्हे, मालकांना! मुक्त झालेल्यांना त्याच मळ्यांत परत राबण्याची इच्छा नव्हती, हे साहजिकच आहे. मग ऊस तोडायचा कोणी? मालकांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ या जहाजातून छत्तीस हिंदी मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले. पुढल्या पाऊणशे वर्षांत अशी सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. बेट केवढे? चाळीसएक मैल लांब. १८७१ पर्यंत तेथील दर तीन माणसांमागे दोन हिंदी होती. एवढा बदल कोणत्याही नदीने किंवा दुष्काळाने एकट्याने केला नसता. तो कराराने केला.

या करारालाच आपले लोक ‘गिरमिट’ म्हणत. मुदत बहुधा पाच वर्षांची, पुरुषाची मजुरी महिना पाच रुपये आणि शिधा. वाचताना वाईट वाटत नाही. पण एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करार मोडणे हा दिवाणी प्रश्न नव्हता, तो गुन्हा होता. मुदत संपलेल्या माणसालाही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने त्याला छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नसला की भटक्या म्हणून अटक. आणि हे केवळ परमुलखात चालले होते असे समजू नका. खुद्द हिंदुस्थानात १८५९ च्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला कैदेची शिक्षा होऊ शके; तो कायदा १९२५ मध्ये रद्द झाला.

आता या कायद्याने नकाशा कसा काढला ते पाहा. मजुरांची वस्ती मळ्याच्या आवारात, ‘कॅम्प’मध्ये. गोरे व ऐपतदार लोक आधी बंदराच्या शहरात होते. १८६७ च्या हिवतापाच्या भीषण साथीनंतर त्यांपैकी पुष्कळांनी क्यूरपीपच्या थंड पठारावर बिऱ्हाडे हलवली. ज्याला हलता येत होते तो हलला. ज्याचा परवाना त्याला हलू देत नव्हता तो तेथेच राहिला. पुढे साखरेचे दिवस फिरले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. पै पै साठवलेल्या हिंदी कुटुंबांनी ते तुकडे घेतले, आणि कॅम्पाबाहेर त्यांची स्वतःची गावे उभी राहिली. त्या गावांतून ‘बैठका’ सुरू झाल्या : दिवसा ऊस, रात्री अक्षरओळख.

आपली मंडळी गेली ती मुंबई बंदरातून, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली पुष्कळ. पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, कास्कावेलच्या परिसरात, त्यांची जुनी वस्ती आहे. घरात आणि बाजारात आज क्रिओल बोलली जाते; पण कोकणातल्या जाखडीचा नाच ‘झाकरी’ म्हणून तेथे टिकला आहे, आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते.

ही पद्धत आपोआप संपली नाही. १८७१ मध्ये दे प्लेव्हिट्झ या मळ्याशी संबंधित गोऱ्या गृहस्थाच्या पुढाकाराने नऊ हजारांवर हिंदी लोकांनी गाऱ्हाण्याचा अर्ज केला. त्यामुळे शाही चौकशी आयोग नेमावा लागला. १९०१ मध्ये गांधीजी वाटेत तेथे थांबले. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील तेथे गेले व कोर्टात मजुरांच्या बाजूने उभे राहू लागले. ४ मार्च १९१२ रोजी, रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या विधिमंडळात गिरमिट समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारपक्षाच्या मतांनी तो पडला. पण पाच वर्षांत, १९१७ मध्ये, सरकारला ती भरती थांबवावीच लागली. तिकडे १९३७ च्या मजुरांच्या उठावात गोळीबाराने माणसे मेली, तेव्हा कोठे १९३८ मध्ये संघटना करण्याचा हक्क कायद्यात आला. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. मुक्ती अर्जाने सुरू झाली आणि संघटनेने पुरी झाली, हा क्रम आपण विसरू नये.

आता आपल्या दाराशी येऊ. १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, साठीनंतर औद्योगिक वसाहत वाढली, पुढे चाकण आले. फाळणीचे निर्वासित सिंधी बांधव, कोकणातले, मराठवाड्यातले, बिहार-ओडिशाचे, असे सारे मिळून हे शहर झाले. येथला कंत्राटी कामगार गिरमिटिया नाही, हे मी स्पष्ट सांगतो. तो काम सोडून गेला तर त्याला कोणी तुरुंगात घालत नाही. त्याला मत आहे, कोर्ट आहे. पण मधला माणूस तसाच आहे. तिकडे ‘सरदार’, इकडे ठेकेदार. काम एकाचे, हजेरी दुसऱ्याकडे, आणि अपघात झाला की जबाबदारी कोणाचीच नाही.

एका बाबतीत मात्र तुलना उलटी पडते, आणि ती मला टोचते. साम्राज्याने प्रत्येक मजुराला क्रमांक दिला, त्याचे नाव, बापाचे नाव, गाव लिहून ठेवले, पुढे छायाचित्रही काढले. हेतू पाळत ठेवण्याचा होता. पण मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या त्याच नोंदवह्या उलगडून आज पणतू आपल्या पणजोबाचे गाव शोधतात. पोर्ट लुईसच्या धक्क्यावरच्या ज्या पायऱ्या ती माणसे चढली, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. आणि आमच्याकडे? संघटनेच्या कचेरीत असे तरुण येतात की ज्यांचे यंत्र सहा वर्षे तेच, फाटक तेच. पण ठेकेदार तीन झाले, दर सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळाला, आणि हातात नेमणुकीचा एकही कागद नाही. उद्या त्यांची बोटे गेली तर ते येथे राबत होते हे सिद्ध कशाने करावयाचे?

म्हणून माझे सांगणे साधे आहे. आपल्या घराशेजारच्या खोलीत चार परगावची पोरे राहत असतील, तर त्यांना ‘बाहेरचे’ म्हणण्यापूर्वी एवढे विचारा : बाबांनो, तुमच्याकडे नेमणूकपत्र आहे का, पगाराची चिठ्ठी मिळते का? नसेल तर ती कशी मागायची ते त्यांना सांगा, आणि मागायला ते एकटे जाणार नाहीत एवढे पाहा. मॉरिशसच्या लोकांना आपली गावे वसवायला दोन पिढ्या लागल्या. आपल्याला तेवढा वेळ लागण्याचे काही कारण नाही.