तासणी : वय दगडाचे की थराचे?

एकलहरे म्हटले की लोकांना औष्णिक वीज केंद्राची धुरांडी आठवतात. शेजारून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठाला दगडी हत्यारांचा केवढा जुना इतिहास आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. नाशिकच्या वरच्या अंगाला गंगापूरजवळ नदीच्या खडीत डॉ. ह. धी. सांकलिया यांना हातकुऱ्हाडी आणि फरश्या मिळाल्या. त्यांचा गोदावरीच्या पुराश्मयुगीन हत्यारांवरचा ग्रंथ १९५२ साली निघाला. खालच्या अंगाला नांदूर मध्यमेश्वरच्या गाळात नामशेष झालेल्या हत्तीचे अवशेष सापडले. पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने १९०५ मध्ये त्यांची नोंद केली. त्याही खाली, पैठणजवळच्या मुंगीला विन यांना १८६५ सालीच अकीकाचा घडीव छिलका मिळाला होता. एकलहरे या साखळीच्या मध्येच येते.

मी या विषयाची पदवी घेतलेली नाही. पुस्तके वाचत आणि नदीकाठ पायी तुडवत जे शिकलो तेवढेच माझे भांडवल. तरी गावोगावचे लोक पिशवीत दगड घेऊन येतात आणि विचारतात, "काका, हा किती वर्षांचा?" या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. हा दगड माणसाने घडवला का, हा पहिला. कधी घडवला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दगड स्वतः देतो. दुसऱ्याचे तो एकटा देऊ शकत नाही.

पहिला प्रश्न घेऊ, आणि त्यातही तासणी. कातडे खरवडायला, लाकूड किंवा हाड तासायला वापरायचे हे हत्यार दिसायला अगदी साधे असते, म्हणून फसगतही त्याच्याच बाबतीत जास्त. आपल्याकडच्या तासण्या बहुधा चर्ट, जास्पर, कॅल्सेडोनी, अकीक अशा बारीक कणांच्या दगडांच्या असतात. काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि पोकळ्यांत तयार होणारे हे दगड. ते काचेसारखे फुटतात. दगडी हातोड्याचा घाव बसला की मूळ गाभ्यापासून छिलका सुटतो. घाव बसला तिथे लहानशी सपाट जागा राहते, तिच्याखाली आतल्या बाजूला फुगवटा येतो आणि फुगवट्यापासून पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा पसरतात. इतके दिसले तरी तो फक्त छिलका. तासणी ठरायला त्याच्या एखाद्या कडेवर ओळीने, एकाच बाजूने, जवळजवळ सारख्या आकाराचे बारीक टवके काढलेले हवेत. त्यामुळे कड थोडी उभी आणि दणकट होते. बाहेर गोलावलेली कड कातड्याला सोयीची, आत वळलेली कड काठी किंवा भाल्याचा दांडा तासायला सोयीची, असा अंदाज बांधतात; खात्री हवी तर कडेवरची झीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

नांगराचा फाळ, जेसीबीचे दात, पुरात एकमेकांवर आपटणारे गोटे हेही टवके काढतात. ते कुठेही, कसेही, दोन्ही बाजूंनी पडतात, आणि यंत्राने काढलेला टवका उरलेल्या दगडापेक्षा ताजा दिसतो. चकमकीची गारगोटीही अशीच चकवते. तिची कड ठेचलेली असते, पण ते काम आपल्या पणजोबांचे असू शकते!

आता वय. इथे नेवाशाचे उदाहरण सर्वांत बोलके. प्रवरेच्या काठी १९५४ नंतर सांकलियांनी नदीने कापलेली दरड थरांनुसार पाहिली. तळाच्या खडकावर भरड खडी, तिच्यात हातकुऱ्हाडी. तिच्यावर गाळ. त्यावर पुन्हा बारीक खडी, आणि तिच्यात रंगीत दगडांच्या तासण्या. म्हणजे तासण्यांची ही तऱ्हा हातकुऱ्हाडींच्या नंतरची. मध्य पुराश्मयुगातील या हत्यारांना पुढे 'नेवासियन' हे नाव पडले. हा क्रम आकारावरून नाही, थरावरून कळला.

पण क्रम म्हणजे वर्षे नव्हेत. राहुरीजवळ मुळा धरणाच्या जागी अशाच खडीतल्या लाकडाचे रेडिओकार्बन वय सुमारे ३१ हजार वर्षे आले आणि बरीच वर्षे तासण्यांचा काळ त्याच आसपास धरला गेला. रेडिओकार्बनची धाव मुळात पन्नास हजार वर्षांपर्यंतच. वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले हे मोजणारी पद्धत आली तेव्हा चित्र पालटले. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे मध्य पुराश्मयुगाचा आरंभ सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी झाल्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच जातीच्या हत्याराला ३१ हजार आणि पावणेचार लाखांहून अधिक, दोन्ही वये शक्य. शिवाय तासण्या त्यानंतरही घडवल्या जातच राहिल्या. तेव्हा हातातल्या सुट्या तासणीकडे पाहून कोणी छातीठोक वर्षे सांगू लागला, तर मी त्याचा चहा पितो, पण आकडा टिपून घेत नाही.

उलट पाटणे पाहा. चाळीसगाव तालुक्यातल्या या गावी सालींनी १९७०च्या दशकात उत्खनन केले. तिथल्या उत्तर पुराश्मयुगीन थरात शहामृगाच्या अंड्याची कवची मिळाली, तिचे रेडिओकार्बन वय सुमारे २५ हजार वर्षे आले. कवची आणि हत्यारे एकाच अबाधित थरात होती, म्हणून कवचीचे वय हत्यारांना लावता आले. तीच हत्यारे कोणी पिशवीत भरून माझ्याकडे आणली असती, तर मी फक्त "सुंदर आहेत" एवढेच म्हणू शकलो असतो.

म्हणून मला दगड नेल्यापेक्षा दरड नेल्याचे दुःख जास्त. नदीकाठची खडी आणि माती बांधकामासाठी, शेत सपाट करण्यासाठी ट्रॉल्या भरून जाते. तिच्यात हत्यारे असली तर ती कुठल्यातरी भरावाखाली शाबूत राहतील, पण त्यांचा थर पुन्हा जुळवता येणार नाही. आता कोणी दगड दाखवला की मी आधी जागेवर न्यायला सांगतो. दगड दरडीत रुतलेला असेल तर तो उपटू नये. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा, वरून किती फूट खाली आहे ते मोजावे, खाली-वर खडी आहे की गाळ ते लिहावे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. वयासाठी लागणारी वाळू तज्ज्ञ मंडळी ऊन न लागू देता बंद नळीत घेतात. आपण आधीच दरड उकरून ठेवली तर ती जागा त्यांच्या कामाची राहत नाही.