गाडगेबाबांचे आजारपण

तुमच्यापैकी कितीतरी जण कामासाठी रोज अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागात येत असाल. बँका आणि वकिलांच्या कचेऱ्यांचे काचेचे मनोरे मागे टाकून थोडे चालले की द बूलेलान रस्त्यावर फ्राये युनिव्हर्सिटाइट आणि तिथले रुग्णालय लागते. हे विद्यापीठ १८८० मध्ये आब्राहम कायपर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. त्याला पैसा पुरवला तो सनातनी प्रोटेस्टंट पंथातल्या साध्या माणसांनी: शेतकरी, कारागीर, छोटे दुकानदार यांनी. १९३२ पासून या घरांतल्या बायका विद्यापीठासाठी नाणी साठवायचा डबा घरात ठेवू लागल्या. डच लोक या वर्गाला प्रेमाने 'छोटी माणसे' म्हणतात.

या डब्यांविषयी वाचताना मला आपल्याकडचा एक कष्टकरी भाविक आठवतो. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव, परीट कुटुंब. वडील लवकर गेले. मामाच्या घरी गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात तारुण्य गेले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले, पण राबणे सोडले नाही. गावात शिरले की आधी झाडू, रात्री कीर्तन.

त्यांचा झाडू आपल्याला पाठ आहे. सरकारी स्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव आहे. त्यांच्या आजारी शरीराविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. अखेरच्या वर्षांत बाबांना मधुमेहाने पोखरले होते. तरी ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला ते कीर्तनाला उभे राहिले. ते त्यांचे शेवटचे कीर्तन. सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांचा प्राण गेला. बाबासाहेब आंबेडकर जाऊन तेव्हा चौदाच दिवस झाले होते.

अशा आजारपणाचा इतिहास कसा लिहायचा? शिकलेला माणूस आजारी पडला तर रोजनिशी लिहितो, पत्रे लिहितो. गाडगेबाबा निरक्षर होते. रात्री झोप लागत नसे तेव्हा ते देवाशी काय बोलत, हे कुठल्याही कागदावर नाही. म्हणून त्यांची श्रद्धा शोधायला आपल्याला इमारतींकडे जावे लागते. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथल्या धर्मशाळा यात्रेकरूंसाठी होत्या. मुंबईत मात्र जे. जे. रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि दादरची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. गावाहून पेशंट घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर मिळतो, पण रात्री पाठ टेकायला जागा मिळत नाही. ही अडचण पोथी वाचून कळणारी नाही. रस्त्याच्या कडेला झोपलेल्या माणसालाच ती कळते.

झुइडासची डब्यातली नाणी आणि बाबांच्या कीर्तनाला आलेल्या लोकांनी दिलेला पैसा यांत मला एक साम्य दिसते. दोन्हीकडे गरिबाने देवासाठी दिलेले शेवटी वीट, खोली, खाट झाले. फरकही आहे. डच मंडळींनी आपल्या पंथाचे विद्यापीठ उभारले. बाबांच्या धर्मशाळेत जात विचारायची नव्हती, आणि आपल्या नातेवाइकांचा या संस्थांवर हक्क नसेल असे त्यांनी बजावून ठेवले होते.

तुमच्याही घरी असा एखादा माणूस असेल. गिरणीत, एसटीत किंवा शेतात आयुष्य गेलेले, आता डायलिसिसवर किंवा इन्सुलिनवर, आणि फोनवर एवढेच सांगणारे, "बरं आहे, पांडुरंगाची कृपा." त्या एका वाक्यावर थांबू नका. आजारपणातही रोज काय चालू आहे ते विचारा: कुणाच्या मुलाची फी भरली, वारीला जाणाऱ्यांना काय बांधून दिले, शेजारच्या पेशंटसोबत दवाखान्यात कोण बसले. विचाराल ते लिहून ठेवा, तारखेसकट. ते स्वतः लिहिणार नाहीत. आणि त्यांच्या नावाची धर्मशाळाही मागे राहणार नाही.