अगरू : कवकरोपणाने राळनिर्मिती

अगरूवृक्षाच्या सजीव खोडात कवकांचा प्रवेश हेतुपुरस्सर घडवून त्याच्या काष्ठात सुगंधी राळ उत्पन्न करण्याची रीत. हा वृक्ष (ॲक्विलेरिया मॅलॅकेन्सिस, कुल थायमेलिएसी, आसामी नाव साँची) ईशान्य भारतापासून मलाया, सुमात्रा व बोर्निओपर्यंत आढळतो, त्याच वंशातील इतर जाती व्हिएतनाम, थायलंड व दक्षिण चीन या मुलखांत आहेत. निरोगी अगरूचे लाकूड फिकट, हलके व जवळजवळ गंधहीन असते, आणि बांधकामाच्या कामी त्याला फारसे कोणी विचारीत नाही. परंतु तेच रोगग्रस्त होऊन राळेने भरले म्हणजे काळसर व जड बनते, उत्तम प्रतीचा तुकडा पाण्यात बुडतो, आणि अरबस्तानापासून जपानपर्यंतचे धनिक ज्यासाठी शतकानुशतके दाम मोजीत आले तो गंध निखाऱ्याचा स्पर्श होताच त्यातून सुटतो.

प्राग्ज्योतिषाचा, म्हणजे आजच्या आसामच्या मुलखाचा, अगरूशी असलेला संबंध प्राचीन आहे. रघूचे हत्ती तेथील कृष्णागरूच्या वृक्षांना बांधले गेल्याचे कालिदास सांगतो, आणि कामरूपाच्या भास्करवर्म्याने हर्षाकडे पाठविलेल्या नजराण्यात अगरूच्या सालीवर लिहिलेले ग्रंथ व कृष्णागरूचे तेल असल्याची नोंद बाणाच्या हर्षचरितात सापडते. चरकाने अगरूची गणना शीतप्रशमन द्रव्यांत केली असून आपल्याकडील अष्टगंधातही ते असते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने तेथेच १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात या काष्ठावर एक स्वतंत्र संवाद खर्ची घातला आहे.

राळ कशी होते हे समजण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. आसामात झ्यूझेरा कॉनफर्टा या पतंगाची अळी खोडात बोगदे पाडते, त्या वाटेने कवक आत शिरतात, आणि बोगद्याभोवतीचे लाकूड तपकिरी होत जाते. सहायराम बोस या बंगाली कवकशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये या प्रक्रियेचा कवकांशी असलेला संबंध पुढे मांडला. त्यानंतर फ्युझेरियम, लॅसिओडिप्लोडिया इत्यादी अनेक वंशांतील कवक अशा काष्ठांतून वेगळे करण्यात आले. येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण बागाईतदारांची पुष्कळशी निराशा तिच्या विस्मरणातून उद्भवते : राळ निर्माण करतो तो वृक्ष, कवक केवळ त्याला तसे करण्यास भाग पाडतो. या वंशात काष्ठाच्या आतही परिकाष्ठाचे सजीव पट्टे विखुरलेले असतात, आणि आक्रमण होताच तेथील व आसपासच्या जिवंत पेशी आपला स्टार्चसाठा खर्च करून सेस्क्विटर्पिने व क्रोमोने ही संरक्षक द्रव्ये तयार करतात. ज्या काष्ठातील पेशी मेल्या त्यात कितीही कवक वाढला तरी कुजण्यापलीकडे काही घडत नाही.

वन्य वृक्षांपैकी थोड्यांतच राळ असते, आणि ती आहे की नाही हे बाहेरून खात्रीने ओळखता येत नसल्यामुळे तोडणाऱ्यांनी निरोगी वृक्षांचीही सरसकट कत्तल केली. खिळे ठोकणे, कुऱ्हाडीने घाव घालणे, साल सोलणे हे जुने उपाय चालू होतेच. पण वृक्ष जखम भरून काढतो आणि राळ घावाच्या कडेपुरतीच राहते. मिनेसोटा विद्यापीठाचे रॉबर्ट ब्लँचेट यांनी व्हिएतनाममधील लागवडींत काम करून जखम उघडी ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट २००५ मध्ये मिळविले. चीनमध्ये द्रव औषध खोडात ठिबकवून ते रसप्रवाहाबरोबर सर्व वृक्षभर पोहोचविण्याची रीत निघाली. आणि जोरहाट येथील वर्षावन संशोधन संस्थेने स्थानिक कवकांचे विरजण तयार करून आसामातील बागांत त्याचे प्रयोग केले.

प्रत्यक्ष रोपणासाठी वृक्ष काही वर्षांचा व पुरेशा घेराचा झालेला असावा लागतो. खोडाभोवती नागमोडी चढत जाणाऱ्या रांगेत गिरमिटाने छिद्रे पाडतात, त्यांत पोषक द्रवात किंवा भुशावर वाढविलेला कवक भरतात, आणि मेणाने अथवा चिकणमातीने तोंड बंद करतात. असा ओंडका पुढे उभा चिरला असता छिद्राला लागून कुजका, भुसभुशीत थर, त्याबाहेर तपकिरी-काळा पट्टा आणि त्यापलीकडे पांढरे लाकूड दिसते; हा पट्टा तंतूंच्या दिशेने वर-खाली लांब सरकतो, आडवा मात्र फारसा पसरत नाही. म्हणूनच छिद्रांतील अंतर हा या विद्येतील खरा कौशल्याचा भाग होय : ती विरळ असली तर पट्टे एकमेकांस मिळत नाहीत, दाट असली तर वृक्षच वाळून जातो. उग्र कवक निवडल्यास कूज राळेच्या पुढे धावते, सौम्य निवडल्यास वृक्ष त्याला कोंडून टाकतो. रंग काही महिन्यांत बदलतो. तेवढ्यावरून घाईने तोड करणाऱ्याच्या हाती वजनाने हलका, गंधाने उथळ माल येतो, आणि दोन-तीन वर्षे थांबणाऱ्यास त्याहून पुष्कळ चांगला भाव मिळतो.

तोडीनंतर कारागीर पटाशीने पांढरे लाकूड कोरून काढतात. राळयुक्त तुकड्यांची प्रतवारी करून ते विकतात, आणि हलक्या प्रतीचा चुरा दीर्घकाळ पाण्यात भिजवून ऊर्ध्वपातनाने त्याचे तेल काढतात. या तेलाचा व्यवसाय आसामात होजाईच्या परिसरात एकवटलेला असून तेथील माल मुंबईच्या अत्तरबाजारात व तेथून आखाती देशांत जातो. या जातीचा समावेश धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९५ मध्ये, आणि संपूर्ण वंशाचा २००५ पासून झाल्यामुळे निर्यातीस परवाना लागतो. लागवडीच्या मालाला तो मिळवावयाचा तर झाड बागेतलेच आहे याचा दस्तऐवज दाखवावा लागतो, आणि लागवड व रोपण यांची झाडनिहाय नोंदवही ठेवणाऱ्या बागाईतदाराला हे काम पुष्कळच सुकर जाते.