दातांचे जडावकाम

भंडाऱ्याचे नाव निघाले की विदर्भातील मनुष्याला वैनगंगेकाठचा तांदूळ आणि पितळेची भांडी ह्या दोन गोष्टी प्रथम आठवतात. रतनपूर येथील इ. स. ११०० च्या सुमाराच्या शिलालेखात ह्या गावाचे नाव 'भाणार' असे येते, आणि 'भाणे' म्हणजे जेवणाचे ताट. तेव्हा गावाचे नाव त्याच्या धंद्याशी जोडण्याचा मोह कोणासही व्हावा. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या घरांत अशी भांडी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, तेथे घागर गळू लागली म्हणून ती कोणी उकिरड्यावर टाकीत नसे. तिला डाग लावून घेत, चेपलेली कड सरळ करून घेत, कल्हई करून घेत. परंतु त्याच घरातील माणसाचा दात किडला की एकच उपाय सुचे, तो म्हणजे उपटून टाकणे! भांडे दुरुस्त करावे आणि दात मात्र टाकून द्यावा, हा उफराटा न्याय का रूढ झाला, ह्याचा विचार करण्यासारखा आहे. दात दुरुस्त करण्याची सर्वांत नेटकी जी रीत, जिला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने 'इन्‌ले' म्हणतात व जिला आम्ही येथे जडावकाम म्हणणार आहो, तिचा इतिहास पाहिला असता ह्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

दाताला भोक पाडण्याची कला मनुष्यास फार जुन्या काळापासून अवगत आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सुमारे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ व्यक्तींचे अकरा दात गारगोटीच्या बारीक सामत्याने कोरलेले आढळले. ही हकीकत २००६ साली प्रसिद्ध झाली. त्या वस्तीत दगडी मणी विंधणारे कुशल कारागीर होते, आणि त्यांचेच हत्यार दातांकडे वळले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. मध्य अमेरिकेतील माया लोक पुढच्या दातांत वाटोळी खाच कोरून तीत हिरवा जेड बसवीत. हे जडावकाम इतके घट्ट असे की कित्येक खडे शतके लोटूनही जागचे हलले नाहीत. मात्र ते निरोगी दातांचे भूषण होते. रोगावरचा इलाज नव्हे.

इलाजाची कल्पना आपल्या वैद्यकात स्पष्ट दिसते. सुश्रुताने 'कृमिदंत' हा रोग सांगितला आहे. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात किडलेल्या दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून ती डागावी, असे सांगितले. दात न काढता त्याची पोकळी भरावयाची, हा विचार येथे आहेच. मेणाला त्या ग्रंथात 'मधूच्छिष्ट' असे नाव आहे. वाचकांनी हा शब्द लक्षात ठेवावा, कारण तो आपणांस आता वैद्याच्या घरातून ओतकामाच्या शाळेत नेणार आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मूर्ती ओतण्याची मेणाची कृती दिली आहे. प्रथम मेणाची मूर्ती घडवावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, ते वाळले म्हणजे तापवून मेण वितळवून काढावयाचे आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. मेणाचे वजन आधी करून त्यावरून धातू किती घ्यावी हे ठरवावे, रुपे बारापट व सोने सोळापट घ्यावे, असा हिशेबही तेथे आहे. म्हणजे पोकळी मेणाने भरणारा वैद्य आणि मेणावरून सोने ओतणारा कारागीर हे दोघेही ह्याच देशात होते. पण वैद्याच्या मेणाचे सोने झाले नाही. दोन विद्या शेजारी नांदल्या, तरी एकीचा हात दुसरीच्या हातात गेला नाही.

तो योग अमेरिकेत जुळून आला. एकोणिसाव्या शतकात किडलेला भाग कोरून त्यात सोन्याचा वर्ख ठोकून भरीत. हे काम तासन्‌तास चाले आणि रोग्याचा अंत पाही. १८३३ साली क्रॉकूर बंधूंनी न्यूयॉर्कमध्ये चांदी व पारा ह्यांचे मिश्रण भरण्याचा सपाटा लावला. ते स्वस्त होते; पण त्यावरून दंतवैद्यांत असा कलह माजला की १८४० साली स्थापन झालेली त्यांची संस्था त्या वादात १८५६ साली मोडली. पुढे जानेवारी १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट ह्या दंतवैद्याने न्यूयॉर्क येथे आपली रीत मांडली. दातातील पोकळीच्या भिंती वर किंचित फाकत जातील अशा कोरावयाच्या, तीत मऊ मेण दाबून तिचा तंतोतंत ठसा घ्यावयाचा, तो अलगद काढून लेपात पुरावयाचा, मेण जाळून टाकावयाचे व त्या पोकळीत सोन्याचा रस दाबाने लोटावयाचा. तयार झालेला तुकडा मग दातात सिमेंटने बसवावयाचा. टॅगर्टने ह्या रीतीचे हक्क राखून ठेवण्यासाठी खटले लढविले. परंतु आयोवातील फिलब्रूक नावाच्या दंतवैद्याने तीच कृती दहा वर्षे आधी वर्णिली होती, असे निघाले. खरे पाहता तिचा मूळ मालक कोण हे ठरवावयाचे तर न्यायालयास बरेच मागे जावे लागले असते!

ह्यावरून 'सर्व काही आमच्या ग्रंथांत होतेच' असा निष्कर्ष जो काढील, त्याच्याशी आम्ही सहमत नाही. मूर्तीत केसभर अंतर पडले तर देवाचे काही बिघडत नाही. दातात तेवढे अंतर राहिले तर त्या फटीतून कीड पुन्हा शिरते. सोने थिजताना सुमारे दीड टक्का आकसते. म्हणून लेपात गारेची पूड घालून तो तापविला असता तेवढाच फुगेल, अशी योजना करावी लागली. कीड कशाने लागते ह्याचे ज्ञान, वेदना थांबविणारे औषध आणि हा सूक्ष्म हिशेब ह्या तिन्हींवाचून जुनी कला मुखात शिरू शकत नव्हती. कला जुनी होती. शास्त्र नवे होते.

आता आपल्या प्रांताकडे वळू. कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी १९२० साली दंतवैद्यकाचे विद्यालय काढले. मुंबईस नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. दंतवैद्यांचा कायदा १९४८ साली झाला. नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय येण्यास १९६८ साल उजाडावे लागले. म्हणजे टॅगर्टच्या व्याख्यानानंतर साठ वर्षेपर्यंत भंडाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरांवरच्या ह्या राजधानीवजा शहरातही दात राखण्याची विद्या शिकविणारे सरकारी विद्यालय नव्हते. मग पवनी किंवा लाखांदूरच्या शेतकऱ्याने दात उपटून घेतला, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणास पोहोचतो? घागरीस डाग लावणारा त्याच्या बाजारात बसत होता. दातास जडाव करणारा नव्हता. उफराट्या न्यायाचे मूळ लोकांच्या बुद्धीत नसून कारागिराच्या अभावात आहे.

आज सोन्याचे जडावकाम मागे पडले आहे. १९८५ साली झुरिच येथे दाताची प्रतिमा यंत्राने टिपून चिनी मातीसारख्या पदार्थाचा तुकडा एकाच बैठकीत कोरून बसविण्यात आला, आणि तेव्हापासून मेणाची जागा हळूहळू गणकयंत्र घेत आहे. परंतु तत्त्व तेच राहिले आहे: जेवढे गेले तेवढेच भरावे, जे शाबूत आहे त्यास हात लावू नये. खर्रा व सुपारी चघळून दात झिजविणाऱ्या आमच्या प्रांतास ह्या तत्त्वाची गरज इतरांहून अधिक आहे. आणि ते येथे कोणास नव्याने शिकवावयाचे आहे, असेही नाही. ज्या भंडाऱ्याने फुटकी घागर कधी टाकली नाही, त्यास ते ठाऊक आहे. त्याच्या तालुक्याच्या गावी, त्याच्या ऐपतीत बसेल असा हात उपलब्ध करून देणे, एवढेच काम उरले आहे. आणि ते काम लोकांचे नसून शासनाचे व विद्यालयांचे आहे.