आंद्रेयास ओब्स्ट : एका शूटिंग गार्डची कारकीर्द आणि ऱ्हाइनकाठचे बास्केटबॉल

ड्युसेलडॉर्फ : ८ सप्टेंबर २०२३ रोजी मनिला येथे बास्केटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेचा उपान्त्य सामना रंगात आला होता. अखेरची दीड-दोन मिनिटे उरलेली असताना अमेरिकेने जर्मनीची आघाडी अवघ्या एका गुणावर आणली, १०८–१०७. त्याच क्षणी आंद्रेयास ओब्स्ट या जर्मन खेळाडूने तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकलेला चेंडू थेट जाळ्यात उतरला. जर्मनीने तो सामना ११३–१११ असा जिंकला आणि दोन दिवसांनी सर्बियाला ८३–७७ असे हरवून प्रथमच विश्वविजेतेपद मिळविले. उपान्त्य सामन्यात ओब्स्टचे २४ गुण हे दोन्ही संघांत सर्वाधिक होते.

या यशामागे संघातील तारांकित नावे मोठी होती. डेनिस श्र्योडर स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तर फ्रान्झ वाग्नर आणि डॅनिएल थाइस हे अमेरिकेतील एनबीएमधून आलेले होते. ओब्स्ट मात्र एनबीएत कधीही खेळलेला नाही. त्याची सारी कारकीर्द जर्मनी आणि स्पेन या दोन देशांच्या सभागृहांत घडली. म्हणूनच युरोपातील व्यावसायिक शूटिंग गार्डचे आयुष्य नेमके कसे असते, हे समजून घेण्यासाठी त्याचे उदाहरण विशेष उपयोगी पडते.

शूटिंग गार्ड म्हणजे काय?

बास्केटबॉलच्या मैदानावर प्रत्येक संघाचे पाच खेळाडू असतात आणि परंपरेने त्यांच्या जागांना क्रमांक दिलेले असतात. पहिल्या क्रमांकाचा पॉइंट गार्ड चेंडू वर नेतो आणि चाल रचतो. दुसऱ्या क्रमांकाचा शूटिंग गार्ड हा संघाचा नेमबाज. त्याचे मुख्य काम दुरून अचूक फेक करणे हे असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीन गुणांची रेषा बास्केटपासून ६.७५ मीटर अंतरावर असते, मैदानाच्या कोपऱ्यांत ती किंचित जवळ येते. संघाला प्रत्येक चढाईसाठी २४ सेकंद मिळतात, आणि सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो.

ही व्याख्या सोपी वाटते, पण तिच्यातील अवघड भाग चेंडू हातात येण्यापूर्वीचा असतो. चांगला नेमबाज उभा राहून चेंडूची वाट पाहत नाही. सहकारी खेळाडूंनी उभ्या केलेल्या आडोशांमागून तो सतत धावत राहतो, प्रतिस्पर्ध्याला अर्ध्या पावलाने मागे टाकतो आणि चेंडू हाती येताच क्षणार्धात पाय स्थिर करून फेकतो. ओब्स्टची ओळख नेमकी याच कौशल्यासाठी आहे. १.९१ मीटर ही त्याची उंची या खेळात सामान्यच मानली जाते. त्याचे वेगळेपण धावता धावता थांबण्याच्या आणि तत्काळ फेकण्याच्या सवयीत आहे.

अशा खेळाडूचे मोल केवळ त्याने मिळविलेल्या गुणांत मोजता येत नाही. नेमबाज मैदानावर असला की त्याचा रक्षक त्याला सोडून सहकाऱ्याच्या मदतीला जाऊ शकत नाही. त्यामुळे बास्केटकडे घुसणाऱ्या श्र्योडरसारख्या खेळाडूला वाट मोकळी मिळते. चेंडूला हातही न लावता नेमबाज संघाला जागा मिळवून देतो, आणि हे योगदान गुणफलकावर दिसत नाही.

हालेपासून म्यूनिकपर्यंत

ओब्स्टचा जन्म १३ जुलै १९९६ रोजी पूर्व जर्मनीतील हाले या शहरात झाला. त्याची जडणघडण बाम्बर्ग या बव्हेरियातील बास्केटबॉलवेड्या गावाशी जोडलेल्या युवा व्यवस्थेत झाली. शेजारच्या बाउनाख येथील संघातून तो दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ‘प्रो-आ’त खेळू लागला. बाम्बर्गचा मुख्य संघ त्या काळात जर्मनीचा विजेता होता आणि तेथे तरुण नेमबाजाला पुरेशी मिनिटे मिळणे दुरापास्त होते.

त्यामुळे पुढची वाट गावोगावची ठरली. २०१६ मध्ये तो गीसन येथे गेला आणि २०१७ मध्ये थ्युरिंगिया प्रांतातील रॉकेट्स या संघात दाखल झाला. हा संघ नुकताच प्रथमच बुंडेसलीगात, म्हणजे अव्वल श्रेणीत चढला होता. एका हंगामातच तो खाली घसरला आणि त्यानंतर त्याने व्यावसायिक खेळातूनच माघार घेतली. खेळाडूने व्यक्तिशः चांगली कामगिरी केली तरी त्याच्या पायाखालची संस्थाच नाहीशी होऊ शकते, हा धडा ओब्स्टला बावीस वर्षांचा होण्यापूर्वीच मिळाला.

२०१८ मध्ये त्याने देश सोडला आणि स्पेनच्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथील ओब्राडोइरो या क्लबकडे तो गेला. स्पेनची लीग युरोपातील सर्वांत कसोटीची देशांतर्गत लीग मानली जाते. एका वर्षाने तो जर्मनीत उल्म येथे परतला. २०२० मध्ये साथरोगामुळे खंडित झालेला हंगाम म्यूनिकमध्ये बंदिस्त स्वरूपात पूर्ण करण्यात आला, तेव्हा तो उल्मच्याच संघात होता. २०२१ मध्ये बायर्न म्यूनिकने त्याला करारबद्ध केले आणि युरोलीग ही युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धा त्याच्यासाठी खुली झाली.

बाउनाख, गीसन, रॉकेट्स, ओब्राडोइरो, उल्म आणि बायर्न ही सहा ठिकाणे त्याने पंचविशीपर्यंत पाहिली. परदेशात करारावर काम करणाऱ्या कोणाही मराठी व्यावसायिकाला ही यादी अपरिचित वाटू नये. नवे शहर, नवे सहकारी, पुन्हा सिद्ध करावी लागणारी पात्रता आणि नूतनीकरणाची अनिश्चितता, हे सारे तेथेही आहे. फरक एवढाच की खेळाडूच्या उत्पन्नाची वर्षे तिशीच्या मध्यावर संपत येतात आणि त्याचे मूल्यमापन दर आठवड्याला हजारो लोकांसमोर होते.

बायर्नमध्ये मात्र ओब्स्ट स्थिरावला. क्लबने २०२३ आणि २०२४ मध्ये जर्मन चषक, तर २०२४ आणि २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकले, आणि या चारही यशांत तो सहभागी होता. या काळात आन्द्रेया त्रिंकिएरी, पाब्लो लासो आणि गॉर्डन हर्बर्ट असे तीन वेगवेगळ्या स्वभावधर्माचे प्रशिक्षक त्याला लाभले. प्रशिक्षक बदलला की संघाची रचना बदलते, परंतु धावत येऊन अचूक फेकणाऱ्या माणसाची गरज प्रत्येक रचनेत असते.

राष्ट्रीय संघाची चार वर्षे

२०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीने उपान्त्यपूर्व फेरी गाठली. पुढच्या वर्षी युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचे प्राथमिक सामने ड्युसेलडॉर्फपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कोलोनच्या लांक्सेस अरेनात झाले. १ सप्टेंबर २०२२ रोजी, पहिल्याच दिवशी, डर्क नोविट्स्की याचा १४ क्रमांक राष्ट्रीय संघातून सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात आला आणि त्याच संध्याकाळी जर्मनीने फ्रान्सला ७६–६३ असे हरविले. लिथुआनियाविरुद्धचा सामना दोन जादा वेळांनंतर १०९–१०७ असा जिंकला गेला. बर्लिनमधील बाद फेरीत स्पेनकडून पराभव झाला, तरी पोलंडला नमवून जर्मनीने कांस्यपदक मिळविले.

२०२३ मध्ये ओकिनावा आणि मनिला येथे जर्मनीने सलग आठ सामने जिंकले. अमेरिकेविरुद्ध मध्यंतराला संघ ५९–६० असा एका गुणाने मागे होता, पण तिसऱ्या दहा मिनिटांत ३५ गुण करून त्याने सामन्याचे पारडे फिरविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सकडून ६९–७३ आणि मग सर्बियाकडून पराभव पत्करून जर्मनीला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. पण १४ सप्टेंबर २०२५ रोजी रीगा येथे तुर्कस्तानला ८८–८३ असे हरवून याच पिढीने युरोपीय अजिंक्यपद जिंकले. जर्मनीचे यापूर्वीचे एकमेव युरोपीय विजेतेपद १९९३ चे, म्हणजे ओब्स्टच्या जन्मापूर्वीचे होते.

ऱ्हाइनकाठची हरवलेली वारसदारी

१९९३ च्या त्या विजयाचा धागा ड्युसेलडॉर्फच्या परिसराशी जोडलेला आहे. मिखाएल कोख, हेनिंग हार्निश आणि ख्रिस्तियान वेल्प हे त्या संघातील आधारस्तंभ शेजारच्या लेव्हरकुझेनच्या क्लबकडून खेळलेले होते. बायर उद्योगसमूहाच्या आश्रयाने वाढलेल्या या क्लबने १४ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, त्यांपैकी सात १९९० ते १९९६ या काळात सलग. एनबीएत नाव कमावणारा डेटलेफ श्रेम्फ हाही मूळचा लेव्हरकुझेनचाच.

पुढे उद्योगसमूहाने व्यावसायिक बास्केटबॉलचा आर्थिक आधार काढून घेतला. २००८ मध्ये बुंडेसलीगातील जागा ड्युसेलडॉर्फकडे आली आणि ‘जायंट्स’ हे नाव घेऊन संघ शहराच्या दक्षिणेकडील राइसहोल्झ भागातील कास्टेलो सभागृहात खेळू लागला. तीन हंगामांनंतर, २०११ मध्ये, संघ अव्वल श्रेणीतून खाली गेला. त्याचा वारसदार संघही फार काळ तग धरू शकला नाही. लेव्हरकुझेनमध्ये मूळ क्लबने खालच्या श्रेणीतून नव्याने सुरुवात केली, तर ड्युसेलडॉर्फमध्ये राट भागातील जुन्या क्रीडामंडळाशी जोडलेल्या ए.आर.टी. जायंट्स या संघाने खेळाची परंपरा पुढे चालविली.

या घटनाक्रमामागील कारण समजून घेणे आवश्यक आहे. जर्मनीत व्यावसायिक संघाला मैदानावरील यशाबरोबरच दरवर्षी आर्थिक परवानाही मिळवावा लागतो. फुटबॉलप्रमाणे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मोठी रक्कम येत नसल्याने प्रायोजक आणि तिकीटविक्री यांवर सारी भिस्त असते. मोठ्या शहरात हा पैसा सहज मिळेल, अशी समजूत होते. परंतु मोठ्या शहरात फुटबॉल, आइस हॉकी आणि टेबल टेनिस हे प्रतिस्पर्धीही असतात. ड्युसेलडॉर्फमध्ये या तिन्ही खेळांचे नामांकित संघ आहेत. याउलट बाम्बर्ग, गीसन किंवा उल्मसारख्या लहान गावांत बास्केटबॉल हाच गावाचा अभिमान ठरतो, आणि ओब्स्टसारख्या खेळाडूला उमेदवारीची वर्षे तेथेच मिळतात.

नियमांनीही हातभार लावला आहे. बुंडेसलीगात सामन्यासाठी बारा जणांचा चमू उतरविताना त्यातील निम्म्या जागा देशी खेळाडूंसाठी राखल्या जातात. परदेशी, मुख्यतः अमेरिकी, गार्डची उपलब्धता मोठी असताना हा नियम जर्मन मुलांना किमान दार उघडून देतो. आत शिरल्यावर मिनिटे मात्र स्वतःच मिळवावी लागतात.

मराठी वाचकासाठी

महाराष्ट्राला बास्केटबॉल नवा नाही. मुंबईतील नागपाडा परिसराने पिढ्यान्‌पिढ्या या खेळाचे वेड जपले आहे आणि दाट वस्तीतील एका मैदानातून अनेक खेळाडू घडविले आहेत. पुण्याची शिरीन लिमये हिने गार्डच्या जागी खेळत भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. २०१७ मध्ये बंगळुरू येथे आशियाई चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५–७३ असे हरविणाऱ्या भारतीय संघातही ती होती. गुणवत्ता आहे, पण तिला दर आठवड्याला कसाला लावणारी स्थिर व्यावसायिक लीग भारतात अद्याप रुजलेली नाही. भारतीय खेळाडूचा चरितार्थ बहुधा रेल्वेसारख्या संस्थेतील नोकरीवर चालतो. ती नोकरी सुरक्षितता देते, पण बाउनाख ते म्यूनिक अशी पायऱ्यापायऱ्यांची चढण देत नाही.

जर्मनीत वाढणाऱ्या मराठी मुलांना ही चढण घराजवळ उपलब्ध आहे. येथे खेळाची सुरुवात शाळेच्या संघातून होत नाही, ती वस्तीतील क्रीडामंडळात होते. वार्षिक वर्गणी भरून कोणतेही मूल तेथे दाखल होऊ शकते आणि वयोगटानुसार सामने खेळू शकते. त्यांतील फारच थोडी मुले व्यावसायिक होतील. ज्यांना व्हायचे आहे त्यांच्या पालकांनी ओब्स्टच्या कारकिर्दीतील क्रम ध्यानात घ्यावा. त्याने मोठ्या क्लबच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा लहान क्लबमध्ये खेळायला मिळणे पसंत केले, आणि म्यूनिकचे दार उघडले ते त्यानंतर.

मनिलातील त्या फेकीला जेमतेम एक सेकंद लागला. तिच्याआधी बाउनाखच्या सभागृहातील सराव होता, एका बुडालेल्या क्लबचा अनुभव होता आणि स्पेनमधील परके वर्ष होते. समोर एनबीएच्या खेळाडूंचा संघ आणि फरक अवघ्या एका गुणाचा असताना चेंडू त्याच्याच हाती सोपविण्याचा विश्वास सहकाऱ्यांना वाटला, तो या वर्षांच्या बळावर.