लास पिन्यासचा वेळूचा ऑर्गन

मनिलाच्या दक्षिणेस, उपसागराच्या काठी वसलेले आणि एके काळी मिठागरे व मासेमारी यांवर गुजराण करणारे लास पिन्यास हे गाव आता त्या महानगरात पुरते सामावून गेले असले, तरी तेथील संत जोसेफाच्या दगडी चर्चच्या माडीवर 1824 साली पूर्ण झालेला ऑर्गन अद्यापि वाजतो आहे. त्याच्या 1031 नळ्यांपैकी 902 नळ्या बांबूच्या आहेत. धातूच्या अवघ्या 129. इतरत्र या वाद्याच्या नळ्या कथिल-शिशाच्या मिश्रधातूच्या नाहीतर लाकडाच्या असतात, त्यामुळे येणारा प्रवासी या ऑर्गनकडे नवलाची चीज म्हणून पाहतो, आणि धातू मिळेना म्हणून बांबूवर भागविले असा निवाडा करून मोकळा होतो. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. आणि तो का, हे कळण्यासाठी या वाद्याचे कुळ थोडे पाहिले पाहिजे.

अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस नावाच्या यंत्रकाराने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पाण्याच्या भाराने हवेचा दाब स्थिर राखून ओळीने मांडलेल्या नळ्या वाजविण्याची युक्ती काढली, तेथे या कुळाचा आरंभ होतो. रोमन साम्राज्यात हे वाद्य दूरवर पसरले. आजच्या बुडापेस्टजवळ, अक्विंकम येथे, इ. स. 228 सालच्या एका छोट्या ऑर्गनचे अवशेष 1931 मध्ये उत्खननात सापडले. पुढे बायझंटाईन दरबारात त्याला राजवैभवाचे स्थान मिळाले, आणि 757 साली तेथील सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाईनने फ्रँकांचा राजा पेपिन याला जो नजराणा धाडला, त्यात एक ऑर्गन होता. दरबारातून हे वाद्य मठांत आणि चर्चमध्ये गेले ते कायमचे. (बालगंधर्वांच्या रंगभूमीमुळे मराठी रसिकाला जो ऑर्गन परिचित आहे, त्यात हवा पितळी सुरांवरून जाते, त्याला नळ्या नसतात, आणि तो वंशाने आपल्या पायपेटीच्या अधिक जवळचा.)

स्पेनमध्ये या वाद्याला स्वतःचे वळण लागले. एकच स्वरपट मधोमध विभागून डाव्या हाताला एक आवाज आणि उजव्या हाताला दुसराच आवाज देता यावा अशी तेथे तजवीज असते, आणि कर्ण्यांच्या नळ्या उभ्या न ठेवता तोफांच्या ओळीप्रमाणे श्रोत्यांच्या दिशेने आडव्या रोखलेल्या असतात. हेच वळण मनात घेऊन दिएगो सेरा हा ऑगस्टिनियन रेकलेक्ट पंथाचा धर्मगुरू फिलिपाईन्समध्ये आला. अरागॉनमधील ग्राउस येथे 1762 साली जन्मलेला हा पुरुष 1795 मध्ये लास पिन्यासचा पाद्री झाला, आणि 1832 साली मरण येईपर्यंत त्याच्या हातून तेथील चर्चची उभारणी झाली, इतर बांधकामेही झाली. चर्चचे काम अजून चालू असतानाच, 1816 साली, त्याने ऑर्गनला हात घातला. याआधी मनिला परिसरात बांधलेल्या ऑर्गनांत त्याने काही आवाजांसाठी बांबू वापरून पाहिला होता. म्हणजे या वेळी त्याने जो बेत केला, तो बांबूचा गुण कानाने पारखून केला होता.

बांबूचा शत्रू कीड. त्याच्या पेशींत साठलेल्या पिष्टावर पोसणारे भुंगेरे ओल्या बांबूला वर्ष-दोन वर्षांत पिठासारखा करून टाकतात. सेराने आपले बांबू तोडवून समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले, आणि त्या खारट वाळूतून जे धड निघाले तेवढेच कामाला घेतले. आमच्या कोकणात कळक वा माणगा वद्य पक्षात तोडावा आणि ओढ्याच्या पाण्यात कुजत घालून मग वापरावा हा जो परिपाठ आहे, त्याच्या मुळाशीही हेच भय आहे. पण घराच्या आढ्याला लावायचा बांबू टिकला म्हणजे पुरे. नळीच्या बांबूकडून त्याहून पुष्कळ अधिक मागायचे असते. आतले पेराचे पडदे नेमके फोडावे लागतात, तोंडाचा ओठ कापावा लागतो, आणि धातूचा पत्रा हव्या त्या व्यासाचा वळविता येतो तशी सोय येथे नसल्यामुळे, निसर्गाने दिलेल्या जाडीतूनच क्रमाने बारीक होत जाणारी नळ्यांची ओळ जुळवावी लागते. नऊशे दोन नळ्यांची अशी निवड करणे हे काम केवढ्या चिकाटीचे असेल! त्या श्रमाचे फळ म्हणजे या ऑर्गनचा मऊ, किंचित श्वासमिश्रित, बासरीच्या जातीचा नाद.

आता त्या 129 नळ्यांकडे वळू. माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा त्यांच्यात आहे. 1821 पर्यंत बांबूचा भाग वाजण्याजोगा झाला होता, परंतु कर्ण्यांचे काम तसेच राहिले होते. बासरीच्या जातीच्या नळीत ओठावर आपटणारी हवा नाद उत्पन्न करते. कर्ण्याच्या नळीत तो जिभळीच्या कंपनातून निघतो, आणि त्याला झळाळी येते ती वरच्या निमुळत्या धातूच्या नरसाळ्यामुळे. ती झळाळी बांबूतून निघेना, तेव्हा सेराने कर्णे धातूचे करायचे ठरविले आणि 1824 साली वाद्य पूर्ण केले. केवळ नडीपोटी बांबू वापरणाऱ्याने कर्णेही कसेबसे बांबूचेच उरकले असते. सेराने जेथे बांबू गातो तेथे बांबू ठेवला आणि जेथे तो गात नाही तेथे धातू आणला.

पुढील शतकात भूकंपांनी आणि वादळांनी या वाद्याची फार हानी केली. अखेर 1973 साली ते उतरवून जर्मनीतील बॉन येथे योहानेस क्लाईस यांच्या ऑर्गनशाळेत धाडण्यात आले, आणि युरोपच्या कोरड्या हवेत बांबू तडकू नयेत म्हणून तेथे फिलिपाईन्सच्या दमट, उष्ण हवामानाची खास खोली राखण्यात आली. इकडे त्याच काळात चर्चचाही जीर्णोद्धार झाला. 1975 मध्ये ऑर्गन घरी परतला. त्याच्यापायी दरवर्षी लास पिन्यासला संगीतोत्सव भरू लागला, आणि 2003 साली त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला. मला याहून मोलाची वाटते ती मागाहून घडलेली गोष्ट: युरोपात हा हुन्नर शिकून आलेल्या फिलिपिनो कारागिराने लास पिन्यासमध्येच सेराच्या नावाने ऑर्गनशाळा काढली, आणि या शतकाच्या आरंभी बांबूच्या ऑर्गनचा पुढचा जीर्णोद्धार त्याच शाळेने केला.